दुसऱ्या दिवशीचं उत्तर

अपमानाला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ताटकळत ठेवणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, ते म्हणजे आमच्या डिस्पॅचच्या बाई. बाकीची माणसं बोलणं लागलं की तिथल्या तिथे तोंड सोडतात, नाहीतर मनात ठेवून जन्मभर कुढतात. बाईंची रीत तिसरीच होती. कोणी टोचून बोललं की त्या नुसती मान हलवायच्या, हातातलं काम पुरं करायच्या, घरी जाऊन शांत झोपायच्या आणि सकाळी त्या माणसापुढे येऊन उभ्या राहायच्या. एकदा गेटवरचा वॉचमन त्यांच्या वजनावरून काहीतरी बोलला. दुसऱ्या दिवशी तो सगळं विसरून तंबाखू मळत बसला असताना बाई समोर आल्या आणि म्हणाल्या, "काल तू बोललास ते मला आवडलं नाही. चहा झाला का तुझा?" दोन्ही वाक्यं एकाच सुरात. बाई रागावून गेल्या की विचारपूस करून गेल्या, हे त्या बिचाऱ्याला दिवसभर कळलं नाही. नंतर मात्र तो कुणाच्याच वजनावरून बोलला नाही.

बाई बागलाणातल्या, नामपूरच्या. लग्न होऊन नाशकात आल्या, अंबडच्या आमच्या कारखान्यात माल पाठवायच्या खात्यात लागल्या, पण बोली माहेरचीच राहिली. शुद्ध मराठी येत नव्हतं अशातला भाग नाही. पत्रं त्या आमच्यापेक्षा चांगली लिहायच्या. पण जीव लावून बोलायचं झालं की अहिराणी. प्रिंटरमध्ये कागद अडकला की त्याच्या पाठीवर थोपटत "काय व्हयनं रे तुले?" असं विचारायच्या, आणि आम्ही ठोसे मारून न हललेला तो प्रिंटर गुमान चालू व्हायचा. ट्रकवाले त्यांना मावशी म्हणायचे, आणि आमचा माल वेळेवर पोचायचा तो निम्मा त्या मावशीपणावर. शिवाय बढती असो, बारसं असो, कोणाचं ऑपरेशन असो, बाईंची भेट एकच, माहेरचे उन्हाळ कांदे. माझ्या मुलीच्या बारशाला सगळ्यांनी झबली-टोपडी आणली, बाईंनी पाळण्याखाली कांद्यांची पिशवी सरकवली आणि बायकोला बजावलं, "दिवाळीपर्यंत सडणार नाहीत, निर्धास्त राहा."

अशा बाईंना आमच्या प्लॅनिंग खात्यातल्या एका गृहस्थांनी भर मीटिंगमध्ये गाठलं. गृहस्थ नवे होते, इस्त्रीचे होते. पुण्याचं मोठं गिऱ्हाईक पडद्यावर होतं, त्यांचा माल अडकला होता आणि ते तापले होते. बाई घाईघाईने फोन ठेवून सांगायला लागल्या, "माल गाडीमाच शे, गाडी रस्तामा बंद पडेल शे. दुसरी गाडी निघाली, संध्याकाळी माल तुमच्याकडे." गृहस्थ पडद्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "बाई, हे ऑफिस आहे. नामपूरचं कांदा मार्केट नाही." पुण्याची माणसं हसली. मग आमचे साहेब हसले, आणि साहेब हसले म्हणून खोली हसली. बाईंनी मान हलवली, माल गाडीतच आहे, गाडी रस्त्यात बंद पडली आहे, हे सगळं शुद्ध मराठीत पुन्हा सांगितलं आणि त्या खाली बसल्या. माल संध्याकाळी पोचला.

सकाळी त्या गृहस्थांच्या टेबलाशी गेल्या. मी शेजारीच होतो. आवाज चढवला नाही, की पदर खोचला नाही.

"काल तुम्ही बोललात ते मला लागलं," त्या म्हणाल्या. "माझ्या कामात चूक असेल तर दाखवा, मी सुधारेन. माझ्या बोलीवर आणि गावावर बोलू नका."

"अहो बाई, गंमत केली. इतकं काय मनावर घेता?"

"गंमत असती तर मलाही हसू आलं असतं."

गृहस्थ इकडेतिकडे बघून म्हणाले, "बरं, सॉरी. झालं?"

"बोललात सगळ्यांसमोर. हेही पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणा, म्हणजे झालं."

इतकं नीटस उत्तर मी कुठल्याही साहेबाच्या तोंडून ऐकलेलं नाही. गृहस्थांनी ते लगेच वर साहेबांकडे पोचवलं, अर्थात आपल्या शब्दांत. साहेबांनी बाईंना बोलावून विषय वाढवू नका म्हणून समजावलं. बाई म्हणाल्या, मी वाढवलेला नाही, मी संपवायला गेले होते. मग कंपनीने तोडगा काढला. गंगापूर रोडच्या एका हॉटेलात 'प्रभावी संवाद' या विषयावर प्रशिक्षण होतं, त्याला एक माणूस पाठवायचं ठरलं. पाठवलं बाईंना. गृहस्थ पुढे खातेप्रमुख झाले आणि आता नव्या पोरांना टीमवर्कवर भाषण देतात.

बाई प्रशिक्षणाला मुकाट्याने गेल्या. कसं होतं विचारलं तर म्हणाल्या, "उपमा बरा होता." पण त्यानंतर ऑफिसात त्यांच्या तोंडून अहिराणीचा एक शब्द आला नाही. ट्रकवाल्यांशीसुद्धा त्या "कृपया", "कळवावे" असं बोलायला लागल्या. ट्रकवाले बिचकले. एकाने मला हळूच विचारलं, मावशीची बदली झाली का?

गेल्या उन्हाळ्यात बाईंच्या मुलाचं लग्न नामपूरला झालं. ऑफिसातून मी एकटाच गेलो. मांडवात बाई बहिणींच्या घोळक्यात उभ्या होत्या, हातवारे करत, भरभरून, त्यांच्या बोलीत बोलत होत्या. इतक्या दिवसांनी ते ऐकून मी नुसता उभाच राहिलो. तेवढ्यात त्यांची नजर माझ्याकडे गेली. त्या लगबगीने आल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "आपण आलात, फार बरं वाटलं. प्रवासात काही त्रास झाला नाही ना? जेवण घेतल्याशिवाय जाऊ नका."

मी हो म्हटलं. त्या घोळक्यात परतल्या, बहिणीच्या कानाशी काहीतरी बोलल्या आणि दोघी खळखळून हसल्या. काय बोलल्या ते विचारावंसं फार वाटलं. पण विचारलं असतं, तर त्यांनी मला ते शुद्ध मराठीत सांगितलं असतं.