आराम कुणाला सांगायचा

त्या दिवशी खोलीत आमी पाच जणी. इटलीवरनं आलेली डॉक्टरीण जुलियाबाय, नर्स सुनीता, पोटुशी मंजुळा, तिची सासू गोपीबाय, आन मी भिमा, दवाखान्यातली मावशी. मंजुळेचा नवरा दाराबाहेर उभा व्हता.

मंजुळेला चौथा महिना. आधीची दोन पोटातच गेली व्हती. आता परत अंगावर लाल जायला लागलं व्हतं.

आमचा दवाखाना लहान, मुरबाडच्या पल्याड. माझं काम झाडू-पोछा, बाईला धरून टेबलावर चढवणं, आन बोलणं पोचवणं. डॉक्टरीण इंग्रजीत बोलायची, सुनीता ते शाळेच्या मराठीत सांगायची, मी आमच्या बोलीत. मी चौथी पण पास नाय. पण या कामात मला कुणी मागं सारलं नाय.

जुलियाबायच्या बोलण्यात एक शब्द सारखा यायचा, टेक. सुनीता म्हणाली, "मावशी, टेक म्हंजी घे." पण सगळीकडं घे चालत नाय. टॅबलेट टेक, तर खा. चपला टेक ऑफ, तर काढ. सीट टेक, तर बस. बाथ टेक, तर आंघोळ कर. एकदा मी जुलियाबायला इचारलं, तुमच्या इटलीच्या भाषेत कसं? ती हसली. त्यांच्यात गोळी घेतात, पण आंघोळ करतात. मी म्हटलं, चला, आंघोळीपुरते तरी आपण एक.

तर त्या दिवशी बाई म्हणाली, "टेक रेस्ट." सुनीतानं सांगितलं, "मंजुळा, आराम घे." मंजुळेनं मान हलवली.

आदल्या खेपेला पण तिनं अशीच मान हलवली व्हती. आन दुसऱ्याच दिवशी आवणीला गेली. आवणी म्हंजी भाताची रोपं लावायची, दिवसभर चिखलात वाकून. म्हणून तर परत आली.

ती का गेली ते मला ठावं. आमच्यात सून आपणहून बसत नाय. बसली तर आळशी, सगळ्या गावात नाव. माझ्या टायमाला मी पण अशीच वाकले. माझा पहिला बांधावरच गेला. मला कुणी बस बोललं नाय. जाऊ दे.

मी सुनीताला म्हटलं, "बाईला सांग, हे मी मंजुळेला नाय सांगणार. गोपीबायला सांगणार. आन थोडं जास्ती सांगणार."

बाईला ते आवडलं नाय. सुनीताकडनं सांगितलं, "मी बोलते तेवढंच सांगायचं, मावशी."

"तेवढं सांगून झालंय गो बाय. काय बोलले ते सगळं तुला परत सांगीन. चुकलं तर तिथंच थांबव."

बाईनं मंजुळेकडं बघितलं. मंग म्हणाली, "ओके."

मी गोपीबायच्या शेजारी बसले. "गोपी, डॉक्टरीण सांगते, सुनेला तू खाटेवरनं उठू द्यायचं नाय. पाणी तू आणायचं. ती उठली तर तू ओरडायचं. पोर तुझ्या हातात हाय."

"आन आवणी? ती काय तुझी डॉक्टरीण लावील?"

"मी येते दोन दिस."

"तू? आधी तुझी कंबर बघ."

"माझी कंबर मी बघते. तू सून बघ."

बाहेरनं पोरगा बोलला, "आये, मी कामावर खाडा करतो."

गोपीबाय सुनेकडं वळली. "ऐकलंस ना? उठलीस तर बघ माझ्याशी गाठ हाय."

मंजुळेनं तिथंच टेबलावर डोळे मिटले.

मी बोलले ते सगळं सुनीतानं बाईला सांगितलं. बाई म्हणाली, त्यांच्यात आराम घेत नाय, माणूस स्वतःला निवांत करतो. रिपोसाती की काय, असा शब्द हाय. मी म्हटलं, "आमच्यात सुनेला स्वतःला निवांत करता येत नाय. दुसऱ्यानं करायला लागतं." बाईनं माझा हात दाबला.

पाच महिन्यांनी मंजुळेला मुलगी झाली. धडधाकट, रडकी. गोपीबायनं ती पहिली माझ्या मांडीवर दिली.

त्याच्यानंतर जुलियाबाय काय पण सांगायच्या आधी मला इचारायची, "मावशी, कुणाला?" तेवढं मराठी ती शिकली, ते माझ्यासाठी. मी झाडू खाली ठेवायचे आन पदर सारखा करून पुढं यायचे. नुसता शब्द बरोबर असून भागत नाय. ज्याचं घरात चालतं, त्याच्या कानात तो पडायला लागतो.

हे वाचणाऱ्याला एकच सांगणं हाय. तुमच्या घरात डॉक्टरनी कुणा बाईला आराम सांगितला, तर ती कधी बसते म्हणून वाट बघू नका. तिच्या हातातलं काम तुमी काढून घ्या.