फोनमधल्या तोफा

देवळाली कॅम्पमध्ये राहणाऱ्या माणसाला तोफांचं काही वाटत नाही. लष्कराचा सराव सुरू झाला की खिडकीची तावदानं थरथरतात, फडताळातल्या कपबशा किणकिणतात आणि आपण तोंडातलं वाक्य न थांबवता पूर्ण करतो. माझ्या हातून जे घडलं ते असंच एक वाक्य पूर्ण करताना घडलं.

मी शाळेत लिपिक होतो. नव्वद साल लागलं तेव्हा माझं वजन शंभराच्या आत होतं, दशक संपलं तेव्हा एकशे बत्तीस. कार्यालयातल्या दोन खुर्च्या मोडल्यावर सुताराने माझ्यासाठी वेगळी, लोखंडी पट्ट्या मारलेली खुर्ची केली. पोरं मला ‘रणगाडा’ म्हणायची. मला ते ठाऊक होतं आणि मी हसण्यावारी न्यायचो. पण पालक माझ्या टेबलाशी अदबीने उभे राहायचे. कुठला दाखला, कुठला फॉर्म, कुणाची सही, सगळं मला विचारायचे. उत्तर ठाऊक नसलं तरी ‘माहीत नाही’ म्हणायची सवय मला कधीच लागली नाही. पुढच्या साऱ्याचं मूळ तिथे आहे असं मला आता वाटतं.

दोन हजार सालानंतर साखर वाढली, जिना चढताना दम लागायला लागला, आणि नाशिकच्या एका डॉक्टरांनी माझं पोट लहान करण्याचं ऑपरेशन केलं. दीड वर्षात मी जवळपास निम्मा झालो. माझी बायको म्हणाली, “लग्नात पाहिला होता तो माणूस परत आला. स्वभाव मात्र तसाच आलाय.”

डॉक्टर महिन्यातून एका रविवारी ऑपरेशन झालेल्यांची आणि होणाऱ्यांची बैठक घेत. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर सतरंज्या टाकलेल्या, स्टीलच्या छोट्या पेल्यांतून ताक. दर वेळी ते एकच सांगत: “पोट मी लहान केलंय. त्यात काय घालायचं, गोळ्या घ्यायच्या की नाही, तपासणीला यायचं की नाही, ही जबाबदारी तुमची. आणि ती जन्मभराची.” मला त्यांनी शेजारी खुर्ची दिली होती. मी त्यांचा नमुन्याचा पेशंट. नव्या लोकांच्या कार्डामागे माझ्या घरचा फोन नंबर लिहिलेला असायचा. तो लिहायला परवानगी देताना डॉक्टर मला म्हणाले होते, “काका, अनुभव सांगा. औषधपाणी, पथ्य सांगू नका. तसला प्रश्न आला की माझ्याकडे पाठवा.”

मी मान डोलावली होती.

आणखी एक गोष्ट इथेच लिहून टाकतो. जन्मभर घ्यायच्या त्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या मी नीट घेत नव्हतो. चावल्या की खडू खाल्ल्यासारखं वाटायचं. महिना-दीड महिना मी त्या विसरायचो, मला काही व्हायचं नाही, आणि बैठकीत मात्र मी सांगायचो, एक दिवस चुकवला नाही.

जिच्याबाबत हे घडलं ती बाई लासलगावकडची. पस्तिशीची, दोन मुलांची आई, नवरा मार्केट यार्डात कांद्याचा व्यापारी. तिचं ऑपरेशन श्रावणात झालं. पहिल्याच बैठकीत तिने सगळ्यांना हसवलं. “काका, माझ्या पोटाची आता वाटी झाली. तीबी आमटीची नाय, चटणीची!” नवरा शेजारी बसून लाजत होता. ती मला आठवड्यातून एकदा तरी फोन करायची. दही कधी, भाकरी कधी, केस गळतात ते थांबतात का. मला ते फोन आवडायचे. रिटायर झालेल्या माणसाला फोन दुसरा कोण करतो?

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तिचा फोन आला.

“काका, एक विचारू? रागावू नका.”

“बोल.”

“लग्न झाल्यापासून नऊ दिवसांचा उपास मी एकदाबी मोडला नाय. सासूबाई म्हणतात, यंदा राहू दे, देवी काय म्हणत नाय. पण मला चैन पडंना. धरू का?”

“डॉक्टरांना विचारलंस?”

“बैठकीत सगळ्यांनाच उपास नको म्हणालेत ते, मलाबी नायच म्हणतील. म्हणून तर तुम्हाला विचारते.”

हे वाक्य मला किती गोड लागलं ते आज सांगायला लाज वाटते. मी म्हणालो, “अगं, तू तशीही खातेस किती! चिमणीचं खाणं. मीसुद्धा एकादशी केली, काय झालं मला? धर.”

एकादशी मी केली होती. पण ऑपरेशननंतर वर्षाने, एकच दिवस, आणि दोनदा दूध पिऊन. यातलं काहीच मी तिला सांगितलं नाही.

“आणि गोळ्या? त्या उपासाला चालतात का हो?”

मी तोंड उघडलं आणि बाहेर सराव सुरू झाला. धडाम. तावदानं हलली.

“अगं बाई! काका, दसऱ्याआधीच फटाके?”

“फटाके कसले, तोफा आहेत. आमच्याकडे रोजचंच,” मी हसत म्हणालो आणि माझं वाक्य पूर्ण केलं: “गोळ्यांचं काय, नऊ दिवसांनी काही बिघडत नाही. दसऱ्यानंतर घे.”

पाचव्या माळेला तिचा पुन्हा फोन आला. आवाज बारीक झाला होता. म्हणाली, पाणीसुद्धा उलटतंय. मी म्हणालो, “होतं तसं, मलाही व्हायचं. घोट घोट घे.” मला उलट्या व्हायच्या त्या चोरून भजी खाल्ल्यावर. हेही मी सांगितलं नाही.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी तिला गाडीत आडवी घालून नाशिकला आणलं. पाय उभं राहू देत नव्हते, एकाची दोन माणसं दिसत होती, आणि बोलण्याचा मेळ लागत नव्हता. डॉक्टरांनी लगेच ब जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू केली. मला कळल्यावर मी गेलो. तिचा नवरा बाहेर बाकावर बसला होता, शेजारी तिथला एक तरुण डॉक्टर कागद भरत उभा होता.

“काका,” नवरा म्हणाला, “ती म्हणते, उपास धर असं तुम्ही फोनवर सांगितलं. गोळ्याबी बंद करायला सांगितल्या.”

मग तोच कसनुसा हसला. “आणि म्हणते, फोनमध्ये तोफा उडत होत्या. काय बोलती, तिचं तिला कळंना.”

त्याच्या लेखी मी नाशिकचा काका होतो. नाशिकमध्ये कुठे राहतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मी म्हणालो, “फोन आला होता खरा. मी सांगितलं, डॉक्टरांना विचार.”

तरुण डॉक्टर समजुतीने म्हणाला, “या आजारात होतं असं. जे आठवत नाही तिथे पेशंटचं मन काहीतरी जोडून देतं. खोटं बोलत नाहीत त्या. त्यांना ते खरंच वाटतं.”

नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला. मीही. डॉक्टर माझी खुर्ची काढून घेतील, नंबर कार्डावरून खोडतील, एवढीच भीती मला होती. एवढ्याशा कारणासाठी मी ते वाक्य बोललो.

ती वाचली. डोळे सुधारले, बोलणं सुधारलं, एक पाऊल मात्र ओढत राहिलं. पुढच्या बैठकीत डॉक्टर नाव न घेता म्हणाले की एका भगिनीने स्पष्ट मनाई असताना उपास केला, आपली जबाबदारी विसरली. सगळ्यांनी हळहळत माना हलवल्या. मी ताक पीत होतो.

दोन वर्षांनी ती बैठकीला आली, काठी टेकत. बैठक संपल्यावर माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “काका, मी आजारात तुमच्याविषयी काहीबाही बरळले म्हणे. माफ करा. मला खरंच तसं ऐकल्यासारखं वाटत होतं.” मग हळूच, “अजूनबी वाटतं कधी कधी. डोकं ठिकाणावर नाय राहिलं माझं.”

मी म्हणालो, “असू दे गं. आजारात होतं तसं.”

उपास धर म्हणालो ते अज्ञान होतं, असं मी मनाला समजावलं असतं. हे मात्र मी पुरतं समजून-उमजून बोललो. त्यानंतर मी बैठकीला जाणं सोडलं. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी माझी मुलगी म्हणाली, “बाबा, मोटार चालूच ठेवलीत. टाकी वाहतेय.” मी म्हणालो, मी बंद केली होती, मला बटणाचा टक आवाज आठवतोय. ती प्रेमाने म्हणाली, “राहू दे बाबा, होतं या वयात.” जावईही तेच म्हणाला. दुसऱ्या दिवसापर्यंत माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही. टक आवाज मी ऐकला होता की मनाने जोडला होता? दोन दिवस मी प्रत्येक बटणापाशी जाऊन उभा राहत होतो. त्या बाईने हे पंधरा वर्षांहून जास्त काढलं होतं.

मी लासलगावला गेलो. मुलीला बरोबर घेतलं, कारण मला परत फिरता येऊ नये. ती बाई ओसरीवर पाय लांब करून मेथी निवडत होती. केस पांढरे झाले होते. मला ओळखून उठू लागली, मी बस म्हणालो आणि उभ्यानेच सांगितलं.

“घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तू मला फोन केला होतास. उपास धरू का विचारलंस, डॉक्टर नाही म्हणतील म्हणून मला विचारतेस म्हणालीस. मी उपास धर म्हणालो. गोळ्या दसऱ्यानंतर घे म्हणालो. तुला बरोबर आठवत होतं. मी खोटं बोललो.”

तिने हातातली मेथीची काडी खाली ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “आणि तोफा?”

“होत्या. मी देवळाली कॅम्पला राहतो. तू फटाके म्हणालीस.”

“दसऱ्याआधीच फटाके, म्हणाले होते मी.”

“हो. तसंच.”

तिने मान वळवून घरात हाक मारली, “अहो! बाहेर या. अहो, तोफा होत्या!”

नवरा बाहेर आला. त्यालाही मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो म्हाताऱ्या माणसावर ओरडणारा नव्हता. फक्त म्हणाला, “बाकावर मी तुम्हाला सरळ विचारलं होतं, काका.” मग तो तिच्याकडे वळला. तो तिच्याजवळ खाली बसला आणि मेथी निवडू लागला. त्याला ती नीट निवडता येत नव्हती. तिने त्याच्या हातातून दोनदा कोवळी पानं काढून घेतली.

निघताना मी तिला म्हणालो, मी हे लिहून काढणार आहे. बैठकीतल्या त्या सगळ्यांना आणि डॉक्टरांना कळायला हवं.

“लिहा की,” ती म्हणाली. “उपास मी केला, तो माझा. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, तेबी लिहा. मी लहान पोर नव्हते.” मग काठी उचलून तिने ती माझ्या दिशेने जरा रोखली. “पण मला येड्यात काढलं ना सगळ्यांनी, ते नीट लिहा. नाव नका घालू कुणाचं. तोफा घाला.”