उपाशी तांबं

सेफेर उस्ताचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पाळी सहाची. घर डोंगरावर, कारखाना खाली, वाट अर्ध्या तासाची. तरी तो सगळ्यांच्या आधी निघायचा. कुणी सोबत असतं, तर तो काठीने पायरी चाचपतो हे दिसलं असतं.

शेवटच्या भट्टीवर तो उस्ता, म्हणजे मुख्य कारागीर होता. मी पळीवाला. डोंगरातलं खनिज भाजून, वितळवून, मळी काढून, हवा फुंकून गंधक जाळलं की तांबं उरतं. पण त्यात नको तेवढी हवा शिरलेली असते. ती काढायला ओल्या लाकडाचा सोट खुपसायचा. पंधरा हात लांब, चार माणसांचं ओझं. तांबं खदखदतं, लाकूड जळत जातं. मधूनमधून मी पळीभर तांबं साच्यात ओतायचो. थिजताना वडी मध्ये खचली तर आम्ही म्हणायचो, तांबं उपाशी आहे, अजून सोट द्या. फुगली तर अजीर्ण झालं. सपाट राहिली तर जेवलं, ओता. हे मोजायला आमच्याकडे यंत्र नव्हतं. उस्ताचा डोळा होता.

एकतीस वर्षं आगीकडे बघून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पेन्शनला सोळा महिने राहिले होते. ऑपरेशन म्हणजे महिनाभर पट्टी, म्हणजे सगळ्यांना कळणार, आणि डोळे अधू झालेल्याला लाकडाच्या आवारात पाठवत. पगार निम्मा. शिवाय तिथे उस्ता कुणी म्हणत नाही, काका म्हणतात.

त्याने फक्त मला सांगितलं. आमचं ठरलं: वडी खचली तर मी म्हणायचं, "भूक लागली." सपाट असेल तर, "पोट भरलं." पाच महिने हे चाललं. सोटावरचा दुरसुन मला खादाड म्हणायचा. माझ्या बायकोची त्याला फार दया यायची.

रमजानचा विचार आम्ही केलाच नव्हता.

पहिल्याच दिवशी आमचे इंजिनिअर साहेब, नेजात बेय, भट्टीपाशी येऊन उभे राहिले. मी वडी ओतली. सपाट. आता म्हणायचं होतं, पोट भरलं. रोजा धरलेल्या माणसाने भरदिवसा सगळ्यांसमोर ते कसं म्हणायचं? मी क्षणभर अडखळलो. तेवढ्यात मागून दुरसुन कण्हला, "भूक लागली रे बाबांनो."

भट्टीच्या आवाजात उस्ताला फक्त शब्द कळले, गळा कुणाचा ते नाही. त्याने हात वर केला. नवा सोट आला.

मी थांबवायला हवं होतं. पण का थांबवतो, हेही सांगावं लागलं असतं. मी पळी धरून उभा राहिलो. वीस मिनिटांनी काढलेली वडी टम्म फुगली.

नेजात बेयांनी ती चिमट्याने उचलून समोर धरली. "उस्ता, कशी आहे?"

"सपाट."

दुरसुनला थट्टा वाटली. तो हसला.

"परत बघा."

उस्ताने हातमोजा काढला आणि गरम वडीवरून अंगठा फिरवला. कातडी करपल्याचा वास आला. "फुगलीय," तो म्हणाला. "डोळे गेलेत माझे, बेय. हिवाळ्यापासून."

"मग इतके दिवस तुम्हाला कोण सांगत होतं?"



"कोण सांगणार? अंदाजाने करत होतो."

नेजात बेयांनी माझ्याकडे पाहिलं. मग वडी खाली ठेवली. ते तांबं तसंच ओतलं असतं तर तार ओढताना तडकलं असतं. पुन्हा हवा फुंकली, पुन्हा सोट दिले. रोजा धरलेल्या आठ माणसांना सहा तास जास्त राबावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून उस्ता आवारात. तिथे त्याने सोट हाताने चाचपून, त्यांना नाक लावून ओले तेवढे निवडले. अकरा महिन्यांत आमच्याकडे एकही सुका सोट आला नाही. तरी सगळे त्याला काकाच म्हणायचे.

त्या निम्म्या पगारातून तो दर महिन्याला थोडं बाजूला काढायचा. पेन्शन लागली त्या वसंतात एलाझिग शहरातल्या इस्पितळात जाऊन त्याने उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. डाव्याला पैसे पुरले नाहीत.