शेवंतीची कात्री

आमच्या बेव्हर्ली पार्कातल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर शेवंती खोत राहते. रत्नागिरीकडची, ब्लाउज शिवते, सगळ्यांची लाडकी. मला ती आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते.

नाताळ संपला की ती ओळखीपाळखीतून जुनी ख्रिसमस कार्डं गोळा करते. झिगझॅग कात्रीने चित्रं कापते, ब्लाउजच्या चिंध्यांची किनार लावते आणि त्यांची संक्रांतीची शुभेच्छापत्रं बनवते. वर नाताळच्या गोष्टीतल्या तीन राजांचे उंट, खाली 'तिळगूळ घ्या'. लोक ती कौतुकाने टीव्हीशेजारी मांडतात. माझं मी फ्रिजमागे टाकलं होतं.

उत्तनची फिलोमिना ही माझी मैत्रीण. औषधांच्या कंपनीत आम्ही बावीस वर्षं शेजारी बसून बाटल्यांना लेबलं लावली. दर नाताळला तिचं कार्ड यायचं. तिला लिहायचा कंटाळा, म्हणून आतल्या चार ओळी तिचा नवरा पास्कल लिहायचा. शेवंतीशी तिची ओळख मीच करून दिली आणि पस्तावले. पास्कल गेल्यापासून फिलोमिना घरातल्या कार्डांची पिशवी घेऊन यायची, ती माझ्या दारावरून थेट वर. दोघींचं हसणं ऐकू आलं की माझा नुसता जळफळाट व्हायचा.

यंदा म्हटलं, आपणही दाखवून द्यायचं. कपाटातली फिलोमिनाची सगळी कार्डं काढली, चित्रं कापली, टिकल्या चिकटवल्या आणि तिच्यासाठी एक भलंमोठं शुभेच्छापत्र केलं. उरलेलं रद्दीत टाकलं. शेवंतीच्या कार्डांपेक्षा माझं देखणं झालं होतं, हे मी आजही म्हणेन.

संक्रांतीला दोघी तिळगूळ घ्यायला आल्या. फिलोमिनाने कार्ड बघितलं, चित्रं लगेच ओळखली.

"अंबिके, आतली पास्कलनं लिवलेली पानं दे ना," ती म्हणाली. "माझ्याकडं त्याचं अक्षर कायच न्हाय. तुझ्याकडं हाय, म्हणून मी निवांत होते."

मी उगाच कपाटाकडे बघितलं. शेवंतीला वाटलं, कुठे ठेवलीत ते मला आठवत नाहीये. ती लिहिलेलं पान कधीच टाकत नाही म्हणे. चित्र कापून झालं की मजकूर दोऱ्याने बांधून ज्याचा त्याला परत करते. फिलोमिनाच्या नातेवाइकांनी कार्डांत लिहिलेली पानं अशीच तिच्याकडे परत गेली होती, आणि तीच वाचत दोघी वर हसत बसायच्या.

"कुठल्या कप्प्यात असतील? मी शोधते," म्हणत शेवंती कपाटाकडे निघालीसुद्धा.

"रद्दीत गेली," मी म्हणाले. रद्दीवाला सोमवारीच येऊन गेला होता.

फिलोमिना रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझं कार्ड टेबलावर ठेवलं, शेवंतीचा हात धरला आणि दोघी वर गेल्या. मी दार उघडं ठेवून कितीतरी वेळ कान देऊन बसले. त्या दिवशी वरून हसणं आलं नाही.