डाव्या हाताचा डबा

"एक बार पाहून घ्या, बाबू," हे वाक्य चाचा दिवसातून किती वेळा म्हणत, कोण जाणे. दुकानाला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघत आणि चौथ्यांदा मला ओढायला लावत. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघत, मधोमध थांबून पुन्हा बघत. त्या काळात आमच्या गल्लीत दिवसाला जेमतेम दोन मोटारी येत आणि त्यातली एक हमखास चाचा मधोमध उभे असतानाच येई.

ही गोष्ट एकोणीसशे पन्नासनंतरच्या वर्षांतली आहे. चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, मी कचेरीत हंगामी कारकून होतो. माझ्या खोलीच्या खालीच चाचांचं दुकान होतं. शिकारी लोकांच्या बंदुका ते दुरुस्त करत आणि रिकामी पितळी काडतुसं पुन्हा भरून देत. अख्ख्या जिल्ह्यात त्यांच्या हाताला तोड नव्हती. आणि या माणसाने जन्मात एकदाही बंदूक झाडलेली नव्हती.

दिवाळीच्या चार दिवसांत ते कानात कापूस घालून आतल्या खोलीत बसत. मांजराला भीत, सायकलीला भीत, पाण्याला तर फारच भीत. वाघाचं नाव काढलं की म्हणत, "मोठ्या जनावराचं नाव नोका घेऊ." तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, पण ती बहुधा कापड विकतात. एकदा मी न राहवून विचारलं, "चाचा, इतके घाबरता, मग दारूगोळ्याचा धंदा काऊन?"

"भेव आहे म्हणूनच करतो," ते म्हणाले. "ज्याले भेव नाई, त्यानं दारू भरूच नाई."

संध्याकाळी कचेरी सुटली की मी त्यांच्यासमोर पोत्यावर जाऊन बसे. गिऱ्हाईक आलं की चाचा आधी बंदूक मोडून दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून आरपार बघत. मग सागाच्या लाकडाच्या, स्वतः घासून केलेल्या खुंट्या काढत आणि एकेक खुंटी नळीच्या तोंडात घालून पाहत. कुठली खुंटी आत जाते आणि कुठली अडते, यावरून नळीचं तोंड किती आवळलेलं आहे ते त्यांना कळे. शिकारी त्याला चोक म्हणत. चाचा म्हणत, "मूठ." मला समजावं म्हणून त्यांनी एकदा वाड्याच्या अंगणात मूठभर तांदूळ भिरकावले. सैल मुठीतले तांदूळ दोन पावलांवरच पसरले, आवळलेल्या मुठीतले तुळशीपर्यंत एकत्र गेले. "जवळच्या पाखराले सैल मूठ, दूरच्याले आवळ. आणि लई मोठा छर्रा लई आवळ मुठीतून सीधा निघत नाई, एकमेकांत भांडते." छर्ऱ्याचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक, हे उलटं गणित माझ्या डोक्यात शिरायला दोन महिने लागले. चाचांनी मला एकदाही मूर्ख म्हटलं नाही, नुसतं पुन्हा सांगितलं.

त्यांच्या गादीच्या डाव्या हाताला काळ्या दारूचा डबा असे आणि उजव्या हाताला पांढऱ्या दारूचा. डबे दिसायला सारखेच होते आणि दारूही; पांढरी नुसती नावाला, दाणे तिचेही काळपटच. काळी ही जुनी दारू, सावकाश पेटणारी, उडाली की ढगभर धूर काढणारी. पांढरी ही नव्या बंदुकांची. तिला धूर नसतो, पण ती भलतीच तेज. काळीचं माप म्हशीच्या शिंगाचं होतं, मोठं. पांढरीचं पितळेचं, चिमुकलं. "शिंगाच्या मापानं पांढरी भरली न्," चाचा म्हणत, "तर बंदूक पाखराकडून नाई, मालकाकडून फुटते." एवढं बोलूनही त्यांच्या अंगावर काटा येई.

त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक मालगुजार, तिकडचे जमीनदार. मालगुजारी सरकारने काढून घेतली होती, पण लोक मालकच म्हणत. त्यांच्याकडे आजोबांची दहा बोअरची दुनळी होती. बारा बोअरहून जाड, लोखंडी पट्ट्या पिळून केलेली नळी. उजवी नळी सैल, डावी आवळ. हिवाळ्यात तळ्यांवर कादंबं, म्हणजे मोठे रानहंस, उतरत, त्यांच्यासाठीच ती निघे. जुन्या पिळाच्या नळीला फक्त काळी दारू चाले. मालकांची काडतुसं भरायची असली की चाचा बोलत नसत, पाणी पीत नसत.

त्या शुक्रवारी मालकांची सोळा काडतुसं भरायची होती. मला सुट्टी होती. सकाळपासून चाचांनी बारा भरली. माप ओतायचं, वर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती दाबायची, मग मोठे छर्रे, पुन्हा चकती आणि तोंडाला लाल लाख. चार उरली तेव्हा नमाजाची वेळ झाली. "येऊन भरतो," म्हणून ते गेले आणि पाच मिनिटांत मालकांची जीप दारात उभी राहिली.

"चार काडतुसांसाठी पाखरं थांबतात काय?" मालक जीपमधूनच ओरडले. "बाबू, तू रोज बसतं नं इथी? भर नं!"

मला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर म्हणावंसंही वाटलं नाही. इतके दिवस नुसतं पाहत होतो, हात शिवशिवत होते. पण चाचांच्या गादीवर बसणं मला बरं दिसेना. वडीलधाऱ्या माणसाची जागा ती. मी आपला नेहमीच्या पोत्यावर, गादीसमोर बसलो. काळी डाव्या हाताला, हे पाठ होतंच. मी शिंगाचं माप उचललं, डाव्या हाताचा डबा उघडला आणि चारही काडतुसं झोकात भरली. मालक गेले.

चाचा परत आले. "भरली? एक बार पाहून घेतलं ना?"

"घेतलं," मी म्हणालो. पाहिलं काहीच नव्हतं.

डब्यात दारू कुठपर्यंत आहे हे कळावं म्हणून चाचा आत कागदाची पट्टी चिकटवून ठेवत. सवयीने त्यांनी दोन्ही डबे उघडले. काळी होती तिथेच होती. पांढरी बोटभर उतरली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मी बसलो होतो त्या पोत्याकडे पाहिलं. मी समोर तोंड करून बसलो होतो. माझा डावा हात म्हणजे त्यांचा उजवा.  

चाचा ओरडले नाहीत. "तुमची सायकल आहे नं?" एवढंच म्हणाले.

मालक शिकारीला जात ते तळं दहा मैलांवर होतं. सायकलीला हात न लावणारा तो माणूस मागच्या कॅरियरवर बसला आणि माझा सदरा मुठीत धरून लोहाऱ्याच्या जंगलातून निघाला.  मागून एकच पुटपुट ऐकू येई. "उजवीनं मारा मालक, पहिले सकाळची घ्या, सकाळची घ्या." सैल नळी फुटायची भीती कमी, आणि सकाळची बारा त्यांच्या हातची. वाटेत लांबून बार ऐकू येत, तेव्हा दर वेळी ते माझ्या पाठीला कपाळ टेकवत.

तळ्याच्या पाळीवर, त्या उंच बांधावर, चढलो. मालक ढिवराच्या, म्हणजे तिथल्या कोळ्याच्या, डोंग्यात, मध्ये कमळांत बसले होते. हाक पोचेल न पोचेल इतक्या अंतरावर. मी जीव तोडून ओरडलो. पाखरं उठतील म्हणून मालकांनी हातानेच मला गप्प बस म्हणून खुणावलं. तेवढ्यात दोन कादंबं वरून गेली आणि बंदूक वर झाली. आधी डोंग्यावर पांढरा ढग दिसला, मग आवाज आला.

"धूर!" चाचा म्हणाले. "काळी होती. धूर आहे, बाबू!"

पुन्हा बंदूक वर. पुन्हा ढग. "धूर!" ते अक्षरशः रडत होते आणि मोजत होते. धूर दिसला नाही तर पुढे काय दिसेल, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मला तर तिथून पळून जावंसं वाटत होतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वाटत होतं हे खरं. मग मालकांनी बंदूक मोडली आणि पट्ट्यातून दोन नवी काडतुसं काढून घातली.

मी वळून पाहिलं तर चाचा शेजारी नव्हते. ते पाण्यात शिरले होते. कोटासकट, जोड्यांसकट. डोक्यावरची टोपी काढून ती हलवत ते सरळ डोंग्याकडे चालले होते. पाणी कमरेला लागलं, मग छातीला. त्यांच्या चाहुलीने काठच्या गवतातून कादंबांचा थवा उठला आणि खालूनच, पाण्यालगत उडाला. मालकांची बंदूक त्या थव्यामागे वळत वळत आली आणि चाचांच्या रोखाने थांबली.

डाव्या नळीची मूठ किती आवळ आहे, चाळीस पावलांवर ते छर्रे सुपाएवढ्या जागेत कसे बसतात, हे साऱ्या जिल्ह्यात त्या माणसाइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ते हलले नाहीत. टोपी हलवत तसेच उभे राहिले.

बंदूक खाली आली. मग पाण्यावरून शिव्या आल्या. "पागल झाले काय, चाचा? मरायचं आहे काय?"

डोंगा काठाला लागला. चाचांनी दुनळी मोडून दोन काडतुसं काढून घेतली, पट्ट्यातली चार मागितली आणि पाळीवर बसून चाकूने सहाही उकलली. दोन चांगली निघाली. चार माझी होती. त्यातलं एक डाव्या नळीतून निघालं होतं. घोडा चढवलेलाच होता.

मालकांनी ती दारू बोटावर घेऊन पाहिली. "हे कोणं भरलं?"

मी तोंड उघडलं. माझ्याआधी चाचा बोलले. "मीच. माप माझं चुकलं, मालक."

मालकांना दुपार आठवत नसेल असं नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. पण भर म्हणून सांगणारेही तेच होते. ते हळूच म्हणाले, "चाचा, तुमचा हात थकला आता." आणि गेले.

परत येताना आम्ही सायकल हातात धरून चाललो. चाचांच्या कोटातून पाणी गळत होतं. जंगलात कुठेतरी सांबर ओरडलं, पण त्यांचं लक्षही गेलं नाही. मी म्हणालो, "उद्या जाऊन मी मालकांना सांगतो."

"नोका सांगू. लायसन माझ्या नावानं आहे. दुसऱ्यानं भरलं म्हटलं तर लायसन जाते, तुमची नौकरी जाते. मी भरलं म्हटलं तर फक्त नाव जाते."

किती सोयीचं होतं ते मला! मी लगेच मानलं. आणि नाव गेलं. मालक वाईट बोलले नसतील, पण चांद्यासारख्या गावात वाईट बोलावं लागत नाही. "चाचांचा हात चुकला," एवढं पुरलं. पुढच्या हिवाळ्यात गिऱ्हाइकं चाचांनी भरलेली काडतुसं त्यांच्यासमोरच कानाशी हलवून पाहू लागली. चाचा म्हणत, "बराबर आहे. एक बार पाहून घ्या." मी समोर पोत्यावर बसून ते ऐकत असे. एखाद्या दिवशी सांगून टाकीन असं रोज वाटे. नोकरी कायम झाली तरी सांगितलं नाही.

दोन वर्षांनी चाचा दुकान आवरून सिरोंच्याकडे मुलीच्या गावी जायला निघाले. सामान बांधून झालं होतं. गादी तेवढी पसरलेली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना ते दोन डबे, रिकामे, धुऊन पुसलेले. मी नेहमीच्या पोत्याकडे वळलो तर त्यांनी माझा हात धरला.

"तिथी नाई. इथी बसा."

मी नको नको म्हणत होतो. त्यांनी मला खांद्याला धरून आपल्या गादीवर बसवलं आणि स्वतः समोर पोत्यावर जाऊन बसले. मग माझ्याकडे पाहत अगदी हळू आवाजात म्हणाले, "आता सांगा बाबू, काळी कोणती?"

 मी डाव्या हाताच्या डब्यावर हात ठेवला.

"एक बार पाहून घ्या," चाचा म्हणाले.

मी झाकण काढून आत पाहिलं. डबा रिकामा होता. कागदाची पट्टी तेवढी आत चिकटलेली राहिली होती.