भेगसाहेबांनी घर घेतलं

आमच्या ओळीत सात घरं आहेत आणि सातही एकमेकांना चिकटून. तिसऱ्या घरात घड्याळं दुरुस्त करताना मी शिंकलो, की चौथ्या घरातल्या बाई विचारायच्या, सर्दी झाली का म्हणून. दोन घरांत मिळून भिंत एक, आणि छपराचा मोठा वासा पहिल्या घरापासून सातव्यापर्यंत सलग. गाव एवढं शांत की रस्त्यावर गाडी वाजली तर आम्ही कामं टाकून खिडकीशी येतो.

चौथ्या घरातल्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. चाळीस वर्षं त्या इथे राहिल्या. शहरातली मुलगी सारखी बोलवायची, म्हणून तिचं तोंड बंद करायला त्यांनी दारावर ‘घर विकणे आहे’ अशी पाटी लावली. गिऱ्हाईक आलं की त्याला चहा पाजायचा आणि काहीतरी खुसपट काढून वाटेला लावायचं, असा त्यांचा क्रम होता. घर विकायची त्यांना काडीचीही इच्छा नव्हती.

अशात एक दिवस भेगसाहेब आले. हे नाव अर्थात आम्ही ठेवलेलं. साहेब सरकारच्या बांधकाम तपासणी खात्यात इन्स्पेक्टर. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरातल्या भेगा मोजल्या. निवृत्तीला तीन महिने उरले होते आणि मग क्वार्टर सोडावं लागणार होतं. साहेबांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, सगळा संसार त्या क्वार्टरात गेला, जिथे भिंतीत खिळा ठोकायचा तरी अर्ज करावा लागे. त्यांना खोपटं का होईना, स्वतःचं हवं होतं. साहेबांनी त्यांना तेवीस घरं दाखवली आणि तेवीसही स्वतःच नापास केली.

चोविसावं हे. साहेबांनी भिंतीवर टिचकी मारली, माळ्यावर चढून वासा खरवडून पाहिला, आणि घर खणखणीत असल्याचं त्यांना पाच मिनिटांत कळलं. अडचण एवढीच की किंमत त्यांच्या आवाक्याबाहेर होती. घासाघीस करणं म्हणजे त्यांना कमीपणा वाटे. तेव्हा त्यांनी बॅगेतून खात्याचा छापील फॉर्म काढला, कार्बन घातले आणि वळणदार अक्षरात लिहिलं: मधली भिंत दुभंगण्याच्या मार्गावर, मुख्य वासा आतून कुजलेला, इमारत राहण्यास धोकादायक. खाली सही, तारीख, शिक्का. प्रत्यक्षात त्या भिंतीला कॅलेंडरचा खिळा उपटल्याचा एक ओरखडा होता.

बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि मला हाक मारली. शिक्का बघून माझीही बोबडी वळली, कारण ती भिंत अर्धी माझी. पण साहेबांनी मला समजावलं की बिघाड पलीकडच्या अंगाला आहे, आणि मी ते मुकाट्याने मान्य केलं. मला घड्याळाच्या काट्यांपलीकडचं काही कळत नाही.

“माझी पोर लहानपणी याच भिंतीला टेकून झोपायची,” बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, आता मुलीकडेच जाते.

त्या दिवसापासून त्यांनी चहा पाजायचं बंद केलं. मुलंबाळं असलेल्या दोन गिऱ्हाइकांना तर दारातूनच परत पाठवलं; जाणूनबुजून दुसऱ्याच्या लेकरांना धोक्यात घालणार नाही म्हणाल्या. साहेब जाणकार, ते सांभाळून राहतील, म्हणून त्यांनाच घर दिलं, तेही दोन-तृतीयांश किमतीत. महिन्याभरात त्या मुलीकडे गेल्या. दर रविवारी मात्र वहिनींना फोन करायच्या आणि भिंतीपासून लांब झोपा म्हणून बजावायच्या. वहिनींनी नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, मी दुरुस्त करून घेतलंय. वहिनींनी विश्वास ठेवला आणि त्याच भिंतीत हौसेने अकरा खिळे ठोकले. मी मोजले, कारण प्रत्येक ठोक्याला माझ्याकडची घड्याळं हलत होती.

आता साहेबांची चूक ऐका. फॉर्मच्या तीन प्रती निघतात: एक मालकाला, एक स्वतःजवळ, एक खात्याच्या ट्रेमध्ये. तीस वर्षांच्या सवयीने तिसरी प्रत साहेबांनी ट्रेमध्ये टाकली. एरवी काळजीचं कारण नव्हतं. त्या ट्रेमध्ये कागद म्हातारे होतात. पण एका कारकुनाला बढतीचे वेध लागले होते आणि त्याने सगळा ट्रे रिकामा केला. वासा सलग असल्यामुळे नोटीस एक नव्हे, सात आल्या. तीस दिवसांत घरं खाली करा.

साहेब एव्हाना निवृत्त झाले होते; पुढच्या आठवड्यात त्यांच्या जागी नवी इन्स्पेक्टर आली. साहेबांच्याच हाताखाली शिकलेली मुलगी. चौथ्या घराच्या ओसरीवर आम्ही सातही घरची माणसं जमलो. साहेबांनी तिला बाजूला घेऊन हळूच सुचवलं की पुन्हा तपासणी करून ‘ठीक’ लिहून टाक. ती सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, “सर, तुमच्या रिपोर्टवर मी वेगळं कसं लिहू? तुम्ही कधी चुकत नाही, असं खात्यात सगळे म्हणतात. चूक असेल तर तुम्हीच तसं लिहून द्या.”

साहेब पेचात पडले. भिंत वाईट म्हणावं तर सात घरं रस्त्यावर, त्यात बायकोही. चांगली म्हणावं तर मग ती बाईंना वाईट म्हणून का सांगितली? हा प्रश्न आमच्यापैकी कोणीही विचारला नाही, पण सगळे साहेबांकडेच बघत होतो. मला त्यांचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटत होती.

“भिंत दुरुस्त केली होती ना तुम्ही?” वहिनींनी विचारलं.

“दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच,” साहेब म्हणाले.

 वहिनींनी आतून कागद आणि पेन आणून समोर ठेवलं. साहेबांनी लिहिलं: भिंत आणि वासा सुस्थितीत असून माझा अहवाल खोटा आहे. खाली सही केली. इन्स्पेक्टर मुलीने कागद फाईलला लावला, नोटिसा रद्द होतील म्हणाली आणि गेली. आमचा जीव भांड्यात पडला. आम्हीही चपला घालून निघालो, तेवढ्यात वहिनींनी बाईंना फोन लावला आणि तो नवऱ्याच्या हातात दिला.

“काय सांगू त्यांना?” साहेब म्हणाले.

“लिहिलंत तेच.”

साहेबांनी सांगितलं. भिंत चांगली आहे, पहिल्यापासून चांगलीच होती, एवढं दोन वाक्यांत.  पलीकडून बाईंचा आवाज आला. त्यांना शाळेत मोठ्याने शिकवायची सवय, त्यामुळे ओसरीवर आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं.

“मग मी तिथून का निघाले?”