बर्फातले साठ पत्ते

माझा मेहुणा जन्माला आल्यापासून कधी दहा मिनिटं एका जागी बसलेला कोणी पाहिला असेल, तर त्याने मला येऊन भेटावं. मी त्याला स्वखर्चाने सुरमईचं जेवण घालीन. मी तर मेहुण्याला पहिलीपासून ओळखतो. शाळेत आम्ही एका बाकावर होतो, म्हणजे बाक माझ्याकडे असायचा आणि तो बाकाच्या आसपास असायचा. पुढे त्याच्याच बहिणीशी माझं लग्न झालं, त्यामुळे त्याच्यापासून सुटण्याचा शेवटचा मार्गही बंद झाला. एरवी आम्ही अरेतुरेतले. रागावला की मात्र तो मला ‘भावोजी’ म्हणतो.

मालवणच्या बंदराजवळ होड्यांना बर्फ पुरवणारा एक कारखाना होता, तिथे तो मशीनवर होता. बर्फ जमायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ माणसाने गप्प बसायचं असतं. हे काम ह्याला कोणी दिलं, देव जाणे. त्या वेळात तो पत्ते पिसायचा. पत्ते म्हणजे आपले राजा-राणी-गुलाम नव्हेत. बोटीवर नोकरीला असलेल्या त्याच्या चुलत भावाने एकदा सिंगापूरहून कसल्याशा परदेशी खेळाचे खोकाभर पत्ते आणले होते. त्यांच्यावर राक्षस, पऱ्या, चेटूक, वादळं अशी चित्रं. ह्या खेळात ज्याने त्याने आपापला साठ पत्त्यांचा कॅट जमवायचा आणि दुसऱ्याच्या कॅटशी लढायचं. नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं. मेहुण्याने शब्दकोश घेऊन ते सहा महिन्यांत पाठ केलं. दहावीला हाच माणूस इंग्रजीत दोनदा नापास झाला होता, हे मी त्याच्या बहिणीसमोरसुद्धा सांगायला तयार आहे.

पत्त्यांवरची इंग्रजी नावं काही त्याच्या जिभेला मानवली नाहीत, म्हणून त्याने बाजारातल्या माशांची नावं देऊन सगळ्यांची नव्याने बारशी केली. आठ हातांचा समुद्रराक्षस म्हणजे म्हाकूल. लांबलचक साप म्हणजे वाम. झुंडीने येणारी बारकी पिशाच्चं म्हणजे तारली. “वाम टाकतंय, तुझी तारली मेली,” असं तो म्हणायला लागला की शेजारच्या घरातून भाव विचारायला बाई यायची.

समोर खेळायला अख्ख्या तालुक्यात मी एकटा. मी कचेरीतून येऊन सायकल लावेपर्यंत हा ओट्यावर येरझाऱ्या घालत असायचा. मी हरलो की तो खूश होईल असं तुम्हाला वाटेल, तर तसं नाही. माझ्यावर मिळवलेल्या विजयाने त्याची चिडचिड वाढायची. “तुझ्या जाग्यार दगड बसवलो तर तो बरो खेळतलो,” असं म्हणून तो परत वाटायला घ्यायचा. सात वर्षं मी दगडापेक्षा खालच्या पायरीवर राहून ही सेवा केली.

त्याचा खरा हंगाम पावसाळ्यात. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, बर्फ कोणाला नको, कारखान्याला कुलूप. आणि नेमकं तेव्हाच त्या खेळाचं रोटेशन यायचं. म्हणजे असं, की दरवर्षी कंपनी नवी मालिका काढते आणि सगळ्यात जुनी मालिका स्पर्धेतून बाद करते. कॅटमधले निम्मे पत्ते एका दिवसात घरी बसतात. ही यादी मेहुणा बाजारातल्या सायबर कॅफेत जाऊन छापून आणायचा आणि सुतक असल्यासारखा माझ्या घरी यायचा. पहिल्या वर्षी तर त्याने कंपनीला पत्रच लिहायला घेतलं होतं. “गेल्या वर्साची होडी यंदा दर्यात घालू नको, असा कोणी सांगल्यान तर तू आयकशीत?” असं त्याने मला विचारलं. माझ्याकडे होडी नाही, हे सांगण्यात अर्थ नव्हता.

दोन दिवस शोक करून तो नव्या कॅटच्या मागे लागायचा, आणि ते दोन महिने आम्हा सगळ्यांना भारी जायचे. जेवताना उठायचा, अंघोळीतून ओरडायचा. आमच्या नात्यातल्या एका मुंजीत, भटजी बटूच्या कानात मंत्र सांगत असताना, हा मांडवात ताडकन उभा राहिला आणि “वाम दोनच होये, तीन नको,” असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाला. आचारी बिचारा घाबरला. मुंजीच्या घरात वाम कोणी सांगितली, म्हणून तो यजमानांना शोधू लागला.

आता हे सगळं कशासाठी, असं मी एकदा वैतागून त्याला विचारलं. तेव्हा तो अंगणातल्या माडाला टेकून उभा राहिला, म्हणजे त्याच्या मानाने बसलाच. म्हणाला, “माका एकदाच कळाक होया. मी खरोच खेळतंय, का नुसतो पत्ते पिसतंय?” माझ्यासारख्याला हरवून ते त्याला कधीच कळणार नव्हतं, आणि ह्याला कारण मीच आहे असं मला उगीच वाटलं.

मोबाइल नुकते हाताहातात आले होते, त्या वर्षी पणजीत ह्या खेळाची स्पर्धा असल्याची बातमी त्याने सायबर कॅफेतून आणली. तारीख सप्टेंबरातली. आठवडाभर तो घरात चालतच होता. त्या रोटेशनमध्ये त्याचे लाडके वीस पत्ते बाद झाले होते, पण नव्या मालिकेत म्हाकूल आधीपेक्षा जबर होऊन परत आला होता. चुलत भावाच्या बोटीवरून चार आले, चारही चकचकीत, सोनेरी मुलाम्याचे. सगळा कॅट त्याने त्या चौघांभोवती बांधला. बाकीचे छप्पन पत्ते फक्त म्हाकूल येईपर्यंत तग धरण्यासाठी.

पण आमची हवा तुम्हाला ठाऊक आहे. इथे आगपेटी पेटत नाही, मीठ ओघळतं. चकचकीत पत्ते दमट हवेत वाकायला लागले. मेहुण्याने सगळा कॅट आधी पाट्याखाली दाबला, मग तांदळाच्या डब्यात पुरला. एके दिवशी वहिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, पेजेसाठी तांदूळ काढले आणि पेजेत एक तारली उकळून वर आली. वहिनी सोशिक बाई. तिने पत्ता पुसून दोरीवर वाळत घातला आणि नवऱ्याला एवढंच सांगितलं, की ह्यापुढे राक्षस आणि तांदूळ ह्यातलं एक काय ते घरात ठेवा.

तोवर नारळी पौर्णिमा होऊन होड्या सुटल्या होत्या, कारखाना सुरू झाला होता. आणि उभा जन्म बर्फात काढलेल्या माणसाला जे सुचायचं तेच ह्याला सुचलं. “बर्फात ठेवलेला कायच कुसना नाय,” असं जाहीर करून त्याने उकडलेल्या तारलीच्या जागी दुसरी घेऊन साठ पत्ते स्टीलच्या डब्यात घातले आणि डबा बर्फाच्या लाद्यांच्या कोठीत नेऊन ठेवला. दोन आठवडे पत्ते तिथे होते. रोज बघून यायचा आणि मला सांगायचा की एकही वाकलेला नाही. मीही मान डोलवायचो. मला वाटलं, मासे टिकतात तर पत्ते का टिकू नयेत? आम्हा दोघांच्या जन्मात टिकवायचं म्हणजे थंड ठेवायचं, ह्यापलीकडे कोणी काही शिकवलेलं नव्हतं.

पणजीला आम्ही पहाटेच्या एसटीने गेलो. मांडीवर माशांचा थर्माकोलचा खोका, त्यात बर्फ, बर्फात डबा. कंडक्टरने खोक्यातून पाणी गळतंय म्हणून तक्रार केली, बाजूच्या आजोबांनी पापलेट कितीला मिळालं म्हणून विचारलं. मेहुणा चार तासांत सात वेळा उठला. बांद्याला बस थांबली तेव्हा खाली उतरून बसभोवती फेरी मारून आला.

हॉलमध्ये तीस-चाळीस पोरंसोरं, काही नोकरीवाले, सगळ्यांचे पत्ते प्लॅस्टिकच्या पाकिटांत. मेहुण्याने डबा उघडला. बर्फातून निघालेले पत्ते त्या उकाड्यात आले आणि त्यांना दरदरून घाम फुटला. साधे पत्ते आम्ही रुमालाने टिपले, पंख्याखाली धरले, ते बरे सावरले. पण चारही म्हाकूल आमच्या डोळ्यांदेखत वाकत गेले, तव्यावर टाकलेल्या पापलेटाच्या शेपटीसारखे. पंच म्हणून एक चष्मेवाली मुलगी होती. तिने ते चार पत्ते उलटे ठेवून पाहिले आणि फार अदबीने सांगितलं, की हे पाठीवरूनच ओळखू येतात, म्हणून खेळता येणार नाहीत. त्यांच्या जागी हवे तर चार साधे पत्ते मी देते.

मी म्हटलं, चल, घरी जाऊ. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. तो म्हणाला, “आता इलंव तर बसूया.” आणि बसला.

पहिली फेरी हरला, पण तिथे हरलेल्यालाही पुढच्या फेऱ्या खेळायच्या होत्या. दुसरी जिंकला. तिसरी हरला. चौथीत त्याच्यासमोर मडगावचा एक दाढीवाला इंजिनिअर आला, त्या दिवशी कोणालाच न हरलेला. म्हाकूल नसलेल्या त्या कॅटने मेहुण्याने त्याला तासभर झुलवलं. बाकीची टेबलं संपली, माणसं ह्यांच्याभोवती जमली, पंच मुलगीसुद्धा येऊन उभी राहिली. तासभर माझा मेहुणा खुर्चीवरून हलला नाही. शेवटी एका पत्त्याने हरला.

इंजिनिअरने त्याचे पत्ते चाळले, मधल्या चार साध्या पत्त्यांवर बोट ठेवलं आणि इथे काय होतं म्हणून विचारलं. मेहुण्याने खिशातून वाकडे म्हाकूल काढून दाखवले. इंजिनिअर ते एकेक करून वाचत गेला. मग कोकणीत म्हणाला, की हे चार आत असते तर मी हरलो असतो. आणि कागद पुढे करून त्याने विचारलं, हा कॅट मला लिहून देशील? मेहुण्याने लिहून दिला. वाम, तारली, म्हाकूल असाच लिहिला, शेजारी इंग्रजी नावं मी लिहिली.

परतीच्या बसमध्ये तो पणजी ते कुडाळ एकदाही उठला नाही. मला काळजी वाटली. तब्येत बरी ना म्हणून विचारलं, तर मान हलवली.

पुढच्या पावसाळ्यात तो माझ्याकडे आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. विचारलं तर म्हणाला, “जा कळूचा होता ता कळला.” घरात शांत बसून टीव्ही बघायचा. वहिनी खूश असायला हवी होती, पण तीही मला म्हणाली की घर कसं सुनं सुनं वाटतं. आणि मी, सात वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली तो मी, कचेरीतून आल्यावर ओट्यावर उगाच ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागलो. खरं सांगतो, मला तो तसाच हवा होता.

शेवटी मीच पणजीहून पत्त्यांची चार पाकिटं आणली, मला जमेल तसा साठांचा कॅट लावला आणि भर जुलैत छत्री घेऊन त्याच्या दारात उभा राहिलो. त्याने टीव्ही बंद केला. पत्ते हातात घेऊन एकेक करून पाहिले, चेहरा हळूहळू वाईट होत गेला. दोन पत्ते काढून त्याने माझ्यापुढे सरकवले.

“भावोजी, ह्ये दोन यंदा चलनत नाय.”

यादी तर त्याच आठवड्यात आली होती, म्हणजे हा अजून सायबर कॅफेत जात होता. मी खेळूया का एवढंच विचारलं. तो म्हणाला, “आधी ह्यो कॅट नीट लाव. असल्याक हरवन माका काय गावतला?”

तेव्हापासून दर पावसाळ्यात मी त्याच्याकडे जातो. माझा कॅट त्याला अजून पसंत पडलेला नाही, त्यामुळे आम्ही एकही डाव खेळलेलो नाही. पण मी पत्ते मांडले की तो खुर्चीतून उठतो आणि माझ्याभोवती येरझाऱ्या घालायला लागतो.